मागचं टोक

६ जानेवारी

ही वही ताईने दिली. म्हणाली, "लॅबच्या वहीत शिव्या लिहू नकोस, ती बाहेरचे लोक तपासतात. तुझा राग इकडे काढ." ठीक आहे. तर पहिल्या पानावरचा पहिला राग ताईवरच.

सख्खी मोठी बहीणच लॅबची प्रमुख असली तर माणसाने करायचं काय? नऊ वाजेपर्यंत ती ताई. चहा गाळते, माझा डबा भरते, ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून ओरडते. नऊनंतर ती मॅडम. आमचा तंत्रज्ञ लांब्या तिला मोठ्या मॅडम म्हणतो आणि मला धाकट्या मॅडम. चव्वेचाळीस वर्षांची बाई आणि म्हणे धाकटी!

आज लॅबमधलं आमचं बिऱ्हाड हललं. वरच्या मजल्यावर बांधकाम निघालंय, दिवसभर ड्रिल चालतं, भिंती थरथरतात. थरथरत्या टेबलावर मायक्रोस्कोपमधून काय डोंबल दिसणार? म्हणून सगळे तळमजल्यावर. ताईला खिडकीची खोली मिळाली. मला मिळाली पूर्वी काचेची भांडी धुवायची खोली. कोपऱ्यात फरशीला पाणी जायची जाळी अजून तशीच आहे आणि भिंतींना साबणाचा वास येतो. लांब्याने टेबल आणून टेकवलं, वर मायक्रोस्कोप चढवला आणि हात झटकून निघून गेला.

ताई खोली बघायला आली तेव्हा मी लिहीत होते. पेन खाली ठेवलं, ते घरंगळत गेलं आणि डावीकडून खाली पडून तिच्या पायाशी थांबलं. गुडघ्यावर हात दाबत वाकून तिने ते उचललं, मला दिलं आणि टेबलाकडे बघत उभी राहिली.

"काय बघतेस?"

"काही नाही."

काही नाही कसं? अशी खोली बहिणीच्या गळ्यात मारली म्हणून लाज वाटली असणार. वाटायलाच हवी.

१४ जानेवारी

मार्चमध्ये समिती बसणार. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते ठरणार. समितीचे अध्यक्ष म्हणजे ते टायवाले. उन्हाळ्यातही टाय, कॅन्टीनमध्येही टाय. मागच्या वेळी त्यांनी मला गोड हसत विचारलं होतं, "यातलं तुमचं कुठलं आणि मॅडमचं कुठलं?" तेव्हा मी मूग गिळून बसले. खरं सांगायचं तर माझं असं काही नव्हतंच. सगळ्या शोधनिबंधांत आधी ताईचं नाव, मग माझं. यावेळी स्वतःचं काही दाखवलं नाही तर गाशा गुंडाळायचा. या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार?

ताईचं सगळं नाव झालं ते पुढच्या टोकावर. अमीबाच्या. त्याला ना स्नायू, ना हाडं, ना मेंदू, तरी तो चालतो, वळतो, भक्ष्य गाठतो. कारण त्या एवढ्याशा पेशीच्या आतही एक सांगाडा असतो. आपला असतो तसा कायमचा नाही, सारखा बांधायचा आणि मोडायचा. पुढच्या बाजूला अ‍ॅक्टिनचे कण एकाला एक जोडले जातात, त्यांचे धागे वाढतात, पेशीच्या पडद्याला आतून रेटा देतात आणि तिथे पाय फुटतो. शाळेच्या पुस्तकात त्याला छद्मपाद म्हणतात, म्हणजे खोटा पाय. तो पाय तळाला चिकटतो. मग मागच्या बाजूला मायोसिन नावाच्या मोटरी तेच धागे आवळतात, मागचं अंग तळापासून सुटतं आणि पुढे सरकतं. मागे मोडलेल्या धाग्यांचे कण पुन्हा पुढे कामाला लागतात. बाहेर बांधकामावर रंगारी परांची बांधतात तसंच. रंगवून झालेल्या भिंतीकडचे बांबू सोडायचे आणि पुढच्या भिंतीला लावायचे.

ताई वीस वर्षं सांगतेय की पुढे बांधकाम नसेल तर पेशी जागची हलत नाही. सगळं जग माना डोलावतं. मला हे कधीच पटलेलं नाही. पुढचं टोक मिरवतं, पण ओझं कोण वाहतं? मागचं. मी ते दाखवणार आहे. एक विष आहे, ते अ‍ॅक्टिनचे सुटे कण धरून ठेवतं, नवीन धागा उभाच राहत नाही. म्हणजे पुढचं बांधकाम बंद. मागे जुने धागे आणि मोटरी शिल्लक. तरी पेशी चालली तर?

२२ जानेवारी

चालली! चालली, चालली, चालली!

डिशमध्ये विष दिलेल्या पेशी, डावीकडच्या कडेला चारा, म्हणजे जिवाणूंच्या अर्काचा थेंब. माझा उजवा हात मायक्रोस्कोपच्या चाकावर असतो, म्हणून थेंब कायम डाव्या हाताने आणि डावीकडेच. विषाने पेशी गोल गरगरीत झाल्या, एकीलाही पाय फुटला नाही. आणि तरी हळूहळू, सगळ्याच्या सगळ्या, चाऱ्याच्या दिशेने निघाल्या. धडधाकट पेशी कशा इकडे डोकावतील, तिकडे पाय टाकतील, मग वळतील. या नाहीत. नाकासमोर, एका संथ चालीने. पुढच्या टोकाची लुडबुड थांबली की मागचं टोक किती सरळ काम करतं ते दिसलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पेन पुन्हा पडलं. आता त्याला दोरीच बांधते.

२४ जानेवारी

ताईला व्हिडिओ दाखवला. वाटलं होतं, निदान चेहरा तरी पडेल. तिने दोनदा बघितला. मग म्हणाली, "सगळ्या एकाच बाजूला जातायत?"

"चारा तिकडे आहे तर कुठे जातील?"

"एकदा चारा उजवीकडे ठेवून बघ ना."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय कॉलेजची पोर आहे? तिची वीस वर्षं कोसळतायत आणि तिला डावं-उजवं सुचतंय. म्हटलं, "कौतुक करता येत नसेल तर निदान खोडी काढू नकोस."

ती काही बोलली नाही. तिचं हे न बोलणंच मला सहन होत नाही. बाबा आजारी होते तेव्हाही असंच. ही परदेशात, फोनवर नुसतं "हं, हं". झोपल्यावर बाबांना धाप लागायची म्हणून पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करायची होती. सुताराकडून ठोकळे कोणी करून आणले? मी. आडवं पडून, पलंग खांद्यावर पेलून पायांखाली कोणी सरकवले? मी. उशी, औषधं, अंथरूण, अंघोळ, सहा वर्षं सगळं मी. आणि शेजारी विचारायचे काय, तर "मोठी कशी आहे? तिचं नाव पेपरात आलं होतं." पुढचं टोक!

३ फेब्रुवारी

जेवताना पुन्हा तेच. ताईने आधी वाटीभर भात वाढला, म्हणजे काहीतरी नको असलेलं बोलायचं आहे हे मी ओळखलं.

"मागच्या टोकालाही आवळायला धागे लागतातच की गं. तू कण अडवलेस, म्हणजे मागचे धागेही हळूहळू संपणार. ते किती वेळ पुरतील?"

"पुरतायत ना. व्हिडिओत दिसतंय."

"म्हणून म्हणते, चारा उजवीकडे..."

मी ताट उचलून स्वयंपाकघरात गेले आणि उभ्यानेच जेवले. लिहून ठेवते: ती माझ्यावर जळते. याला दुसरं नाव नाही. मी काही उजवीकडे चारा ठेवणार नाही. ती म्हणते म्हणून तर मुळीच नाही.

११ फेब्रुवारी

आज सकाळी लॅबमध्ये लवकर गेले तर ताई माझ्या खोलीत! माझ्या टेबलावर काठोकाठ पाणी भरलेला काचेचा पेला, आणि ही कमरेत वाकून, एक डोळा बारीक करून त्या पाण्याकडे बघतेय. साडीला गुडघ्यावर धुळीचा डाग.

"इथे काय करतेस?"

"पाणी पीत होते."

लाखाचा मायक्रोस्कोप त्या टेबलावर! पाण्याचा एक थेंब आत गेला तर? मी असं केलं असतं तर हिने मला लॅबभर फिरवून सगळ्यांसमोर झापलं असतं. मी पेला उचलून तिच्या हातात दिला आणि दार उघडून धरलं. लंगडत गेली. म्हणे झोपेत गुडघा आखडला.

१२ फेब्रुवारी

पेशी थांबल्या. तेच विष, तोच चारा, तीच डिश. ढिम्म. गोल होऊन जागच्या जागी बसून आहेत. सकाळपासून चार डिश केल्या, चारही तशाच. दिवसभरात एकच गोष्ट धड झाली, पेन एकदाही पडलं नाही.

घरी आले तर दुसरंच. ताईला गुडघ्याच्या गोळ्या हव्या होत्या, उठवत नव्हतं, म्हणून मी खण उघडला. पाकिटं सगळी सुटी, खोकं एकही नाही. कुठली सकाळची, कुठली संध्याकाळची, काय कळणार? विचारलं तर म्हणाली, "खोकी टाकून दिली, जागा अडवत होती." एरवी जुन्या दोऱ्याचा तुकडाही जपून ठेवणारी बाई. म्हातारपण लागलं वाटतं.

१९ फेब्रुवारी

आठवडा झाला. पेशी हलत नाहीत. विष नवीन मागवलं, चारा नवीन केला, पेशींचा नवा वाण वाढवला. नाही म्हणजे नाही. समिती तोंडावर आलीय.

आज लॅबची साप्ताहिक बैठक. सगळे जमलेले, लांब्याही दाराशी उभा. मी ठरवून बोलले. म्हटलं, "तीन आठवडे चालणाऱ्या पेशी एका दिवसात थांबत नाहीत. त्याच्या आदल्या सकाळी माझ्या खोलीत कोण होतं, ते मला माहीत आहे. माझ्या बाटल्यांना कोणी हात लावला, ते त्या माणसाने आत्ता सांगावं."

सगळ्यांच्या माना ताईकडे वळल्या. मला वाटलं, आता तरी चिडेल, ओरडेल, मला बाहेर काढेल. मी तयारीत होते. ती चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, "बाटल्यांना कोणी हात लावलेला नाही. आणि चारा उजवीकडे ठेवून बघितलास का?"

मी हातातलं मार्कर भिंतीवर फेकलं. लागलं नाही कोणाला. लागायला हवं होतं, असं तेव्हा वाटलं. आत्ताही वाटतंय.

२० फेब्रुवारी

घरात बोलणं बंद. मी बाबांच्या खोलीत झोपते. सकाळी माझा डबा ओट्यावर भरून ठेवलेला असतो. मी तो नेत नाही. संध्याकाळी तो तसाच दिसतो, आणि दुसऱ्या दिवशी ताजा भरलेला. ओरडली असती तर परवडलं असतं.

२ मार्च

ठरलं. पेशी नाही चालल्या तरी जानेवारीतले व्हिडिओ आहेत ना. ते दाखवायचे. थांबलेल्या पेशींचं अवाक्षर काढायचं नाही. लांब्याला सांगितलं, जुने व्हिडिओ मोठ्या पडद्यासाठी तयार कर. तो डोकं खाजवत म्हणाला, "धाकट्या मॅडम, मधले थांबलेले पण घेऊ का? नाहीतर त्यांनी विचारलं की पुन्हा करून दाखवा, तर?"

"तुला विचारलं का?"

"नाही," म्हणाला आणि गेला.

विचारलं तर? पण न दाखवावं तर हातात दुसरं काहीच नाही. ताईने घरात टेबलावर चिठ्ठी ठेवली होती, "घाई करू नकोस. मुदत वाढवून मागता येते." मी फाडली. मुदत कोणाकडे मागायची? टायवाल्यांकडे, आणि शिफारस मॅडमची! म्हणजे पुन्हा जन्मभर मॅडमची बहीण.

४ मार्च

सापडलं! पुरावा सापडला!

काचेची बारीक चकती हातातून निसटून टेबलाखाली गेली. शोधायला खाली वाकले तर टेबलाच्या डावीकडच्या दोन्ही पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या. ओढून बघितलं तर गुडघ्याच्या गोळ्यांची खोकी! दाबून चपटी केलेली, दोन-दोन एकत्र. वर कंपनीचं नाव, ताईच्या हस्ताक्षरात "सकाळी" आणि "संध्याकाळी". म्हणजे हा उद्योग होता तर. बाटल्यांना हात लावला नाही म्हणे! टेबलालाच लावला. माझ्या मांडणीत ढवळाढवळ, माझ्या पाठीमागे, आणि वर साळसूद चेहरा.

लांब्याला साक्षीला बोलावलं. त्याला टेबल उचलायला लावून चारही खोकी काढली. नवीन डिश, विष दिलेल्या पेशी, डावीकडे चारा. तो म्हणाला, "खोक्यांचा आणि पेशींचा काय संबंध?" म्हटलं, "बघत राहा."

आणि बघा! निघाल्या! गोल गरगरीत, सरळ रेषेत, चाऱ्याकडे. जानेवारीत होत्या तशाच. मी लांब्याच्या पाठीत थाप मारली. आता समितीला पेशीही दाखवीन आणि ही खोकीही. सगळ्यांसमोर मांडीन, एकेक करून. व्हिडिओ चालू आहे, तोवर हे टेबलावरच लिहितेय. आता पेन ठेवून जरा भिंगातून बघते.

पेन पडलं.

उचललं, पुन्हा ठेवलं. पुन्हा गेलं. डावीकडे.

लांब्याही त्या पेनकडे बघत होता. मग त्याने फरशीकडे बघितलं. भांडी धुवायची खोली. सगळी फरशी जाळीकडे उतरती, पाणी वाहून जायला. जाळी डावीकडे.

मी चारा उजवीकडे ठेवला. पेशी डावीकडे गेल्या. चाऱ्याकडे पाठ फिरवून.

मग चारा ठेवलाच नाही. तरी डावीकडे.

शेवटी उकळत्या पाण्याने मारलेल्या पेशी घेतल्या. त्याही निघाल्या, संथ, सरळ, एकापाठोपाठ एक. लांब्या हळूच म्हणाला, "मेलेल्यांनाही भूक लागते का, मॅडम?" त्याला हाकलून दिलं.

विषाने सांगाडा ढिला पडतो, पेशी गोल होते, तळावरची पकड सुटते. मग काच जरा कलती असली की ती घरंगळते. तीन आठवडे मी गोट्यांचं घरंगळणं बघून डोळ्यांत पाणी आणत होते. केवढी माती खाल्ली. आणि ती समितीसमोर, मोठ्या पडद्यावर, ताट भरून खाणार होते.

तीच तारीख, संध्याकाळ

राग येतोय. स्वतःचा येतोय, पण तो नंतर. आधी ताईचा. घरी जाऊन चारही खोकी तिच्यासमोर आपटली.

"कधीपासून माहीत होतं?"

"टेबल कलतं आहे ते पहिल्याच दिवशी कळलं. पेन माझ्या पायाशी आलं ना. व्हिडिओत सगळ्या एकाच बाजूला जाताना दिसल्या तेव्हा उरलेलं कळलं."

"मग सांगायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं?"

"चारा उजवीकडे ठेव म्हणत होते की."

"टेबल वाकडं आहे म्हण ना सरळ!"

"म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, ताईला माझं टेबलसुद्धा बघवत नाही."

अगदी हेच म्हटलं असतं. याच शब्दांत. म्हणून आणखी चिडले.

"आणि मी सांगून तुला कळलं असतं," ती म्हणाली, "तर टायवाले म्हणाले असते, चूकही मॅडमनेच काढली. ती तुला सापडायला हवी होती. वाटलं, थांबलेल्या पेशी बघून तू विचार करशील, काय बदललं म्हणून. तू माझ्यावरच उलटलीस."

"सगळ्यांसमोर मी तुला चोर ठरवलं, तरी गप्प बसलीस!"

"वाईट वाटलं मला. खूप वाटलं. पण बोलले असते तर तिथेच सगळं उघडं पडलं असतं. सगळ्यांसमोर."

मला काहीतरी जोरात बोलायचं होतं आणि सुचलं ते भलतंच. म्हटलं, "गुडघ्याची वाट लागलेली असताना एकटीने टेबलाखाली शिरायची काय गरज होती? अख्खं टेबल पेलून खोकी सरकवलीस? लांब्या मेला होता का?"

ताई आत गेली. कपाटाच्या तळातून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढून घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवलं. बाबांच्या पलंगाचे दोन ठोकळे. मला वाटलं होतं, ते पलंगाबरोबर भंगारात गेले.

"मी पोचले तेव्हा बाबा गेलेले होते," ती म्हणाली. "तू झोपली होतीस, दोन दिवसांची जागी. मी त्या खोलीत फरशीवर बसले आणि मला हे दिसले. पलंग केवढा जड होता. मी उचलून बघितला, इंचभर हलला नाही. आणि तू एकटीने... मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. तूही नाही."

"तू विचारलं होतंस का कधी?"

"नाही विचारलं."

बस. एवढंच म्हणाली. मग आम्ही दोघी भांडलो. नीट, मोठ्याने, सहा वर्षांचं सगळं. ती ओरडली शेवटी, एकदाची. शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली.

९ मार्च

समिती झाली. व्हिडिओ चारही दाखवले. खोक्यांशिवाय, खोक्यांसकट, चारा उजवीकडे, आणि मेलेल्या पेशी. म्हटलं, मागचं टोक एकटं पेशी चालवतं हे सिद्ध करायला निघाले होते, सिद्ध झालं ते टेबल वाकडं असल्याचं. सपाट टेबलावर, पुढचं बांधकाम बंद केलं की पेशी केसभरही हलत नाही. म्हणजे मॅडमचं म्हणणं त्यांच्यापेक्षाही ठामपणे मीच दाखवलं. हे वाक्य बोलताना दात-ओठ खाल्ले, पण बोलले.

टायवाले आधी खो-खो हसले. मग टाय सावरत म्हणाले, "यातलं तुमचं कुठलं आणि मॅडमचं कुठलं?"

"चूक माझी. शोधून काढली तीही मीच. आणि टेबलाखालचा पुठ्ठा मॅडमचा."

ताई मागच्या रांगेत होती. तिने रुमाल काढून नाक पुसलं. सर्दी म्हणे.

१७ मार्च

एक वर्षाची मुदत मिळाली. कायम नाही. टायवाल्यांनी लिहिलंय, "प्रामाणिक, पण घाईची." घाईची! त्यांना एक दिवस या खोलीत बसवा.

काम नवीन. ज्यांच्यात मायोसिनची मोटरच नाही अशा पेशींचा वाण येतोय. त्यांचं पुढचं टोक व्यवस्थित बांधकाम करतं, पाय फुटतो, पण मागचं अंग तळाला धरून राहतं, सुटत नाही. पेशी रबरासारखी ताणली जाते आणि तिथेच अडकते. पुढच्याचं पुढेपण असं मागच्यावाचून अडतं, हे ताईला गेली दोन वर्षं माहीत होतं. विचारलं, स्वतः का नाही केलंस? म्हणाली, "मागचं टोक तुझं आहे म्हणून ठेवलं होतं. तू विचारशील म्हणून थांबले होते." म्हणजे पुन्हा न सांगता थांबली! या बाईला एकदा कोणीतरी बोलायला शिकवा. चिडून मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. डबा मात्र नेला.

आज लॅबमध्ये गेले तर टेबल सपाट. खाली बघितलं. डावीकडच्या पायांखाली खोकी नव्हती, लाकडाच्या दोन पातळ चकत्या होत्या. बाबांच्या एका ठोकळ्याच्या. लांब्याकडून कापून घेतल्या म्हणे, मोठ्या मॅडमनी. दुसरा ठोकळा अखंड तिच्या कपाटात आहे.

मला विचारायला हवं होतं आधी. ते ठोकळे माझे होते, सुताराकडून मी आणले होते. मी हो म्हटलं असतं ही गोष्ट वेगळी.

पेन टेबलावर ठेवलं. हललं नाही. चारा उजवीकडे ठेवला.